एक थर जास्तीचा

मासळी हातात घेतली की वजन कळतं, यात कौतुक कसलं? चाळीस वर्षं अंधेरीच्या बाजारात बसा, तुम्हालाही कळेल. माझ्या हाताची पन्नास ग्रॅमचीही चूक होत नाही, आणि गिऱ्हाइकाला मी आजवर खोटं वजन सांगितलेलं नाही. घासाघीस करणाऱ्याला चार शब्द जास्त दिले असतील, पण मासळी कमी दिली नाही. म्हणूनच गेल्या माघात पोटच्या पोरीला मी खोटं वजन सांगितलं, ते अजून बोचतं.

कल्पिता माझी एकुलती एक. इंजिनिअर झाली आणि पुण्याला गाड्यांच्या कंपनीत चार वर्षं राहिली. मग कॉलेजातल्या मित्राला, घाटकोपरच्या विपुलला, बरोबर घेऊन वेसाव्याला परत आली आणि बापाच्या होड्यांच्या शेडमध्ये शर्यतीची गाडी बांधायला बसली. विपुल पक्का शाकाहारी, आणि आमच्या शेडच्या दोन्ही अंगांना बोंबील वाळत घातलेले. पहिला आठवडा तो नाकाला रुमाल बांधून फिरला. नंतर रुमाल कुठे गेला ते त्यालाही आठवत नाही.

गाडी म्हणजे काय, तर लोखंडी नळ्यांचा पिंजरा, त्यात एकटीपुरती जागा, पाठीमागे मोटरसायकलचं इंजिन आणि वरून फायबरचं अंग. एसी नाही, काच नाही, रेडिओ नाही. दारही नाही, होडीत चढतात तसं तंगडी टाकून आत जायचं. ब्रेकच्या पट्टीलासुद्धा भोकं पाडून तिची जाळी केलेली. स्टिअरिंग जाम जड. मी म्हटलं, अगं, आता विजेवर हलकी फिरणारी मिळतात ना. तर म्हणे, त्यात हाताला रस्ता कळत नाही. तिचं सगळं गणित वजनाचं होतं. गाडी जड झाली की तिला ओढायला मोठं इंजिन लागतं, मोठ्या इंजिनाला थांबवायला मोठे ब्रेक लागतात, त्यानं ती आणखी जड होते. एक खोटं झाकायला दुसरं बोलावं लागतं तसं, मी म्हटलं. अगदी तसंच, ती म्हणाली. हलकी गाडी लवकर थांबते, लवकर वळते, आणि कोपऱ्यावर चाक सुटायला लागलं की बसणाऱ्याच्या ढुंगणाला आधी कळतं. हे तिचेच शब्द, माझे नव्हेत.

गाड्यांची शर्यत शिकवणारी एक संस्था होती. त्यांना शिकणाऱ्या पोरांसाठी अशा सहा गाड्या हव्या होत्या. अट एकच, पेट्रोल आणि माणूस सोडून वजन चारशे वीस किलोच्या वर जाता कामा नये, आणि मग चालवून दाखवायची. अटीत बसली तर कल्पिताचं काम सुरू, नाही तर पुन्हा पुण्याला कुणाच्या तरी हाताखाली. माघातल्या शेवटच्या रविवारी ते येणार होते.

फायबरचं काम महादूचं. नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून कुणी नाक मुरडू नये, नाव ठेवलंय ते घ्यायलाच. आधी लाकडाच्या होड्या बांधायचा, आता फायबरच्या बांधतो. साच्यात काचेच्या धाग्याची चादर अंथरायची, ब्रशनं रसायन पाजायचं, सुकलं की दुसरा थर. गिऱ्हाइकानं पाच थर सांगितले तर महादू सहा देतो. तो सहावा दर्याचा, फुकट. त्याच्या बापानं घातलेली रीत. त्याच्या शेडमधून निघालेल्या एकाही होडीचं पोट आजवर फुटलं नाही, हे सगळ्या वेसाव्याला माहीत आहे, आणि ज्याला माहीत नाही त्याला महादू स्वतः सांगतो.

कल्पितानं त्याला बजावून सांगितलं होतं, बाबा, दोन थर. तिसरा नाही. तो हो म्हणाला. महादू हो म्हणतो तेव्हा मी सावध होते.

डाव्या कुशीचा भाग साच्यातून काढताना त्यानं मला हात लावायला बोलावलं. पोरं घाटकोपरला सामान आणायला गेली होती. तुकडा उचलला आणि मला कळलं. तीन किलो भरायला हवा होता, साडेचार होता. मी महादूकडे बघितलं. तो हात पुसत खाडीकडे बघत बसला. विचारलं तर म्हणाला, तिच्या बरगड्या असतात तिथं.

पुढे मी काही बोलले नाही. का नाही, ते सांगते. पोरगी त्या पिंजऱ्यात बसून दीडशेच्या वेगानं जाणार, या विचारानं मलाही रात्रीचा डोळा लागत नव्हता. एक थर जास्त असला तर कुणाचं काय बिघडतं?

पोरीच्या काट्यावर नटबोल्टसारखं बारीक सामान बसायचं. गाडीचे मोठे भाग त्यावर मावत नसत, ते ती माझ्या हातावर द्यायची. संध्याकाळी आली, तुकडा उचलून माझ्याकडे दिला आणि वही उघडली. मी म्हटलं, तीन. तिनं लिहून घेतलं. पुन्हा बघितलंसुद्धा नाही. असे सहा तुकडे झाले आणि सहाही वेळा मी खोटं बोलले.

गाडी जोडून झाली. चार चाकांखाली भाड्यानं आणलेले चार मोठे काटे ठेवले. बेरीज चारशे एकोणतीस आली.

मग तीन दिवस त्या पोरीनं नऊ किलो शोधले. वहीतली बेरीज दहादा केली. इंजिनाचे बोल्ट काढून पुन्हा तोलले. विपुल म्हणाला, काटेच खोटे असतील, तर त्याच्या अंगावर खेकसली. तिला सगळ्यावर संशय आला, एक माझा हात सोडून. आज सांगू, उद्या सांगू करत मी बाजारात गिऱ्हाइकांवर वसकत होते.

गुरुवारी दुपारी डबा घेऊन शेडमध्ये गेले तर कल्पिता पिंजऱ्यावर खडूनं खुणा करत होती. सीटच्या दोन्ही बाजूंना आडव्या जाणाऱ्या जाड नळ्या होत्या, त्यांवर फुल्या मारलेल्या. विपुल हात बांधून उभा, तोंड उतरलेलं. मी विचारलं, हे काय चाललंय? तो म्हणाला, या नळ्या कापून बारीक घालायच्या म्हणते, नऊ किलो तिथूनच निघतील. मी नको म्हणतोय, काकी, पण ऐकत नाही.

"या नळ्या कशासाठी असतात?" मी विचारलं.

"बाजूनं काही आपटलं तर मला काही होऊ नये म्हणून," कल्पिता म्हणाली. "तशी वेळ येणार नाही. मी सांभाळून चालवीन."

मी तिथंच उलट्या होडीवर बसले. महादू मागे ब्रश धूत होता, त्याचाही हात थांबला.

"नळ्यांना हात लावू नको," मी म्हटलं. "नऊ किलो फायबरमध्ये आहेत. बापानं तिसरा थर घातला आणि मी तुला खोटं वजन सांगितलं. सहाच्या सहा वेळा."

मला वाटलं ती ओरडेल. मी तिच्या जागी असते तर शेड डोक्यावर घेतली असती. तिनं नुसता खडू खाली ठेवला, आणि ते जास्त लागलं. मग बापाजवळ गेली.

"बाबा, होडीत फायबर हीच होडी असते. इथं तसं नाही रे. इथं हाडं म्हणजे या नळ्या, आणि फायबर म्हणजे नुसतं लुगडं, वाऱ्यापुरतं. लुगडं जाड केलंस म्हणून हाड वाचतं का?"

"मना वाटलं, तुला काय व्हाया नको," महादू म्हणाला.

"मग नळ्या राहू देत. आणि लुगडं पातळ कर."

तिसरा थर सोलून निघत नाही, सगळं नव्यानं करावं लागतं. महादूनं शुक्रवार, शनिवार साच्यावरून मान वर केली नाही. दोन थर घालून झाले की ब्रश हातात घेऊन तो थोडा वेळ तसाच उभा राहायचा. दारू सोडलेला माणूस गुत्त्यासमोर उभा राहतो तसा. मग ब्रश डब्यात टाकायचा. या वेळी तुकडे माझ्या हातावर कुणी दिले नाहीत. विपुलनं नाक्यावरच्या भंगारवाल्याचा मोठा काटा आणला होता. मला वाईट वाटलं, पण बोलायला मी तोंड कुठे ठेवलं होतं?

शनिवारी संध्याकाळी काट्यांनी चारशे एकोणीस दाखवले.

रविवारी पहाटे नवीच पंचाईत. गाडीचं पोट जमिनीपासून चार बोटं वर, आणि आमच्या गल्लीत गटाराची उंच लादी. टेम्पो आत येईना, गाडी बाहेर जाईना. महादूनं भाऊबंदांना हाक मारली. चौदा जण आले, त्यात पाच बायका. होडी उचलतात तशी गाडी खांद्यापर्यंत उचलली आणि हो हो करत नाक्यावर नेली. शेजारची रत्नप्रभा म्हणाली, एवढा खर्च करून शेवटी उचलूनच न्यायची होती तर इंजिन कशाला घातलं?

पनवेलच्या पुढं एका बंद कारखान्याचं मोठं डांबरी आवार होतं. तिथं शंकू मांडून वळणं केली होती आणि कडेला टायरांच्या भिंती. संस्थेचे दोघे घड्याळं घेऊन उभे होते. कल्पिता हेल्मेट घालून बसली. मी डोळे मिटून एकवीरा आईला म्हटलं, काही फुटू देऊ नको.

पहिली दोन वळणं मी बोटांच्या फटीतून बघितली. मग हात कधी खाली आले कळलं नाही. गाडी वळत होती असं म्हणवत नाही, पोरीनं नुसतं तिकडे बघितलं की गाडी तिकडे असायची. भिंतीजवळ पोचेपर्यंत ब्रेक नाही, आणि मग एकदम जागच्या जागी. आवाज मोटरसायकलचा, चाल पाण्यातल्या तामस माशासारखी. महादू माझ्या शेजारी उभा राहून तिच्याबरोबर खांदे वळवत होता. माझी पोरगी हे करू शकते, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

सातव्या फेरीला डांबरावर कुठलं तरी जुनं तेल होतं. मागचं चाक सुटलं, गाडी गर्रकन फिरली आणि डाव्या कुशीवर टायरांच्या भिंतीला जाऊन आदळली. फायबरचे तुकडे हवेत उडालेले मला दिसले.

मी धावले. गुडघ्यांच्या औषधाची रोज गोळी घेणारी बाई मी, पण विपुलच्याही आधी पोचले. कल्पिता हेल्मेट काढत होती. हात हलवून बघितले, मान हलवून बघितली आणि हसली. म्हणाली, मीच जास्त जोरात आले होते, गाडीनं तर आधी सांगितलं होतं.

महादू गुडघ्यावर बसला. डाव्या बाजूला फायबर उरलंच नव्हतं, जाड नळी उघडी पडली होती. त्यानं तिच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत तळवा फिरवला. नळी सरळ होती. तिच्यापासून वीतभर आत त्याच्या लेकीची बरगडी. संस्थेचा माणूसही वाकला, त्यानंही हात फिरवून बघितला आणि दुसऱ्याला म्हणाला, सहा गाड्या सांगून टाक यांना.

आम्ही दोघं डांबरावरचे तुकडे वेचू लागलो. महादूच्या हातची वस्तू फुटलेली मी पहिल्यांदाच बघत होते. मला वाटलं, त्याला लागलं असेल. मी काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, "बरी फुटली. मंगळवारपर्यंत दुसरी करतो."

त्याच्याजवळ उभी राहून मी एकवीरा आईची माफी मागितली. मागणंच चुकीचं मागितलं होतं, आणि बरं झालं, तिनं ते ऐकलं नाही.