तिरक्या घराचं भांडण

मित्रांनो, मी एक जुना, निळ्या घरांचा खेळाचा पट आहे. कापडाचा आहे म्हणून हसू नका! माझ्यावर राज्यं जिंकली गेली आहेत, आणि चहाही सांडला आहे.

मला मावशीने घडवलं. तिचं कपडे शिवायचं दुकान. उरलेल्या पांढऱ्या सुती कापडावर तिने निळ्या दोऱ्याने इंचा-इंचावर उभ्या-आडव्या शिवणी मारल्या, की झाली माझी घरं तयार. रविवारी दुपारी मला कापड कापायच्या टेबलावर पसरायचे. मावशीचा धाकटा भाऊ, म्हणजे मामा, गोष्ट सांगायचा. मावशी आणि तिची नर्स भाची त्या गोष्टीतली माणसं व्हायच्या. माणसांच्या जागी बटणं! झटापट झाली की कोण वाचलं, कोण गेलं ते फासा ठरवायचा. मावशीचा म्हातारा नावाडी म्हणजे एक लाकडी बटण. किती जीव होता तिचा त्याच्यावर! खेळ संपला की पुसून डबीत ठेवायची.

एकदा मामाचा लांडगा, म्हणजे कोटाचं काळं बटण, नावाड्यावर तिरका धावून आला. लांडग्याची चाल सहा घरांची.

"एक, दोन, तीन, चार! पोचला. गेला तुझा नावाडी, ताई!"

"गेला काय गेला! कोपऱ्यातून कोपऱ्यात जायला लांब पडतं. एका तिरक्या घराची दोन घरं मोज."

झालं! टेप निघाली. मावशीने माझी दोन टोकं धरून मला ताणलं. सुती कापड तिरकं ओढलं की लांबतं, हे तिला का ठाऊक नव्हतं? पण रागाच्या भरात कुठलं सुचतंय! "पावणेदोन इंच! म्हणजे दोनच." मामाने टेप हिसकावली आणि मुठीने मला चुण्या पाडून मोजलं. "सव्वा! म्हणजे एकच."

"लबाड! लहानपणापासून लबाड."

"आणि तू रडकी!"

मामा तरातरा निघून गेला, तो पुढे कितीतरी रविवार आलाच नाही. मी शिलाई मशीनवर झाकण म्हणून पडलो. अंगावर धूळ, सुताचे तुकडे, तेलाचे डाग. त्याचं मला एवढं काही वाटलं नाही. पण रविवारी मावशी सवयीने तीन कप काढायची आणि एक परत ठेवायची, ते मला बघवायचं नाही. वाटायचं, माझ्यामुळे भाऊ-बहीण तुटले.

शेवटी भाचीनेच डोकं लढवलं. "मावशीचं मशीन अडलंय," अशी थाप मारून तिने मामाला आणलं. मग मला धुऊन, वाळवून टेबलावर पसरलं आणि छान इस्त्री केली.

"दोघांनी हात मागे घ्या. कुणी ओढायचं नाही." तिने टेप ठेवली. "दीडला जरासं कमी. दोघंही चुकलात! आता पहिलं तिरकं घर एकाचं, पुढचं दोनाचं, मग पुन्हा एक, पुन्हा दोन. कबूल?"

त्या दिवशीच्या बटणांच्या जागा दोघांनाही पाठ होत्या; तशीच मांडली. मामा हळूच म्हणाला, "ताई, राहू दे. लांडगा मी मागे घेतो."

"का म्हणून? मला नको तुझी दया." मावशीने काळं बटण स्वतःच उचललं. "एक... तीन... चार... सहा." लांडगा नावाड्याच्या शेजारच्या घरात येऊन बसला. "पोचला की रे मेला!" म्हणाली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

मामाने फासा तिच्या हातात दिला. "अजून मेला नाहीये तुझा नावाडी. वल्हं आहे की त्याच्याकडे. टाक."

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. भांडा खुशाल, पण मोजण्याआधी मला हाताने नीट सारखं करा. तिरकं ओढलंत तर पुन्हा मापात यायला मला फार वेळ लागतो.

आणि फाशावर काय पडलं? अहो, तो पडलाच नाही अजून. तो मुठीतच धरून मावशी उठली आणि तिसरा कप काढायला गेली.