माझ्या पोटातला कापूस

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. लॅपटॉपच्या पोटात कापूस पिकत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही माझ्या पोटातून तो निघाला.

माझा जन्म एका स्वच्छ कारखान्यात झाला. तिथे माणसे तोंड झाकून वावरत. पुढे यवतमाळच्या दुकानातून एसटीने मी बाभुळगावजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरी आलो. त्याच्या बायकोने, विमलताईंनी, मला ओवाळले, हळदकुंकू लावले. कुंकवाचा एक कण अजून माझ्या बटणाखाली आहे.

त्यांची मुलगी निशिगंधा माझ्यावर शिकली. घरात रेंज एकाच ठिकाणी मिळे, मधल्या खोलीतल्या उंच झरोक्याजवळ. तिचे वडील बापूजी त्याच खोलीत कापूस साठवत. निशिगंधा मला घेऊन ढिगावर चढून बसे. ढीग वाढे तशी रेंज सुधारे. कापूस विकला जाई, त्या दिवशी इंटरनेटही जाई.

त्या मऊ गादीचा मला अभिमान होता. पण मी खालच्या जाळीतून श्वास घेतो. कापसाचे तंतू आत जात राहिले. माझा पंखा आधी गुरगुरला, मग कण्हला, मग गप्प झाला. बापूजी ट्रॅक्टरचा हवेचा फिल्टर वरचेवर झटकत. मी ते ढिगावरून, झरोक्यातून बघत असे.

अशातच निशिगंधाला नोकरीची ऑनलाइन मुलाखत आली. आदल्या दिवशी सराव करताना मी तापलो आणि बंद पडलो.

"आई, हा चटके देऊन राह्यला!"

"ओला फडका ठेवू का त्याच्या कपायावर?" विमलताईंनी विचारले.

"त्याले काही ताप नाही आला, आई!"

"मंग चटके काहून देऊन राह्यला?"

निशिगंधाला रडू आले. बापूजींनी मला गाडीवर विक्कीच्या दुरुस्तीच्या दुकानात नेले. विक्कीने स्क्रू काढले. पंख्याभोवती पांढरी गादी दाबून बसली होती.

"काका, लॅपटॉप हाय का गाठोडं?"

बापूजींनी सवयीने चिमूटभर कापूस बोटांत ओढून पाहिला. "धागा लंबा हाय," ते समाधानाने म्हणाले. मग त्यांचा चेहरा उतरला. "आपलाच माल हाय रे. आपणच याचा गळा दाबून राह्यलो होतो."

विक्कीने चिमट्याने गादी काढली, ब्रशने जाळी झाडली. मी श्वास घेतला.

दुसऱ्या दिवशी ढिगाच्या एका कडेवर ताडपत्री, ताडपत्रीवर पाट आणि पाटावर मी. बापूजींनी परत आणलेल्या माझ्या पोटातल्या कापसाची विमलताईंनी वात वळून देवापुढे लावली.

"तुमच्या मागे बर्फ आहे का?" मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी पडद्यावरून विचारले.

"नाही सर, कापूस," निशिगंधा म्हणाली.

मुलाखत संपेपर्यंत वात जळत होती. पंखाही फिरत होता.

निशिगंधाला नोकरी लागली. कंपनीने नवा लॅपटॉप पाठवला. विमलताई ताट घेऊन आल्या, पण ओवाळण्याआधी त्यांनी त्याला उलटे केले.

"आधी सांग, याचं नाक कुठं हाय?"

मित्रांनो, तुमच्या घरी कापूस नसेल, पण धूळ असेलच. आम्हाला गादीवर, उशीवर ठेवू नका. मधूनमधून आम्हाला बंद करून मऊ ब्रशने आमची जाळी झाडा. आम्हाला खोकता येत नाही.