अर्धा कोयता

सिद्धेश्वर धरणाच्या वरच्या अंगाला, तांड्यावर माझी शाळा. मला कीर्तनाचं वेड. त्यामुळं गणितसुद्धा मी टाळ्या वाजवीत, हरिनाम घेत शिकवतो. दिवाळीच्या सुट्टीआधी सहावीला फळ्यावर लिहून दिलं : ९ + ६ = रिकामी चौकट + ८.

"पंधरा!" सगळा वर्ग ओरडला. बरोबरचं चिन्ह दिसलं की लेकरं बेरीज करून मोकळी. पुढचा आठ कुणाला दिसतच नाही.

शिला तेवढी म्हणाली, "सात. दोन्ही अंगानं सारखं भरलं पाहिजे ना, गुरुजी. कोयत्यावानी."

"कोयत्यावानी म्हंजे काय गं?"

"ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा. अर्ध्याला मुकादम नेत न्हाई. दुसरा अर्धा कुठूनबी आणून भरावा लागते."

मी हरखलो. तिच्या नावानं टाळ्या वाजवून घेतल्या. तिची आई जिवनबाई श्रावणात वारली, हे मला ठाऊक होतं. तरी माझ्या ध्यानात काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा बाप हिरासिंग तिला घेऊन शाळेत आला. "शिलाला तोडीला नेऊन राहिलो, गुरुजी."

"भाऊ, बारा वर्षांचं लेकरू हाय. माझ्या घरी राहू द्या. आमच्या मंडळींना लेक न्हाई, जीव लावतील."

"अन् मी? अर्धाच की! का तुमी येता माझ्यासंगं मोळ्या उचलाया?"

तो हसला, मीही हसलो.

"अहो, ही जिवनबाईंच्या बराबर कशी होईल?"

"मुकादमाला दोन माणसं दिसली म्हंजे झालं. तो काय तोलून घेते?"

मी शिलाकडं वळलो. "तू तरी सांग, माय. होतं का हे सारखं?"

ती शाळेची पुस्तकं माझ्या टेबलावर मांडत होती. वर न बघता म्हणाली, "न्हाई होत, गुरुजी. कमी पडते. जेवढं कमी पडंल, तेवढं बा उचलंल."

हिरासिंगनं तोंड फिरवलं. देवापुढं सगळे सारखे, हे मी कितीदा टाळ कुटून गायलो असेन. त्या घडीला मी नुसती टेबलावरची पुस्तकं सारखी करत राहिलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी तांड्यावर ट्रक लागला. मुकादमानं यादी वाचली, "हिरासिंग, एक कोयता." शिलाचं नाव यादीत नव्हतंच.