चष्म्याने वाचलेला विम्याचा फॉर्म

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. माझी डावी काडी दोऱ्याने बांधलेली आहे, म्हणून हसू नका. एके काळी माझ्यावाचून एका घराचं पान हलत नव्हतं.

१९९४ साली जुन्या हुबळीतल्या एका लहानशा दुकानात माझ्या काचा घासून या तपकिरी फ्रेममध्ये बसवल्या. नागोजी मला घेऊन गेले. ते रायापूरजवळच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. खोक्यांवरचे बारीक आकडे ते दिवसभर माझ्यातून वाचत. "हा नाकावर आहे म्हणून माझी नोकरी आहे," असं ते म्हणत आणि मी फुगून जाई. संध्याकाळी त्यांची बायको कुसुम तांदूळ निवडायला मलाच घेई. दोघांत मिळून मी एकटाच होतो.

२००३ साली कारखान्याने माणसं कमी केली. नागोजींनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि त्याच दिवशी कारखान्याने काढलेला आरोग्य विमाही संपला. कुसुमला सहा वर्षांपासून साखरेचा आजार होता. उद्या तिला दवाखान्यात ठेवायची वेळ आली तर काय, या काळजीने नागोजींना घास गोड लागेना.

गल्लीतला मुकुल विम्याचं काम करायचा. तो फॉर्म घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, "काय अक्का, आराम?"

"आराम आहे बघ," कुसुम म्हणाली.

आमच्या हुबळी-धारवाडात असंच असतं. कन्नड बोला की मराठी, 'आराम?' विचारलं की 'आराम' म्हणायचं. ताप चढलेला माणूससुद्धा तेच म्हणतो. मुकुलने मात्र ते खरं धरलं, जुन्या आजारांच्या रकान्यात 'नाही' लिहिलं आणि फॉर्म नागोजींपुढे सरकवला.

नागोजींनी मला नाकावर चढवलं. एकेक ओळ वाचत ते त्या 'नाही'पाशी आले आणि त्यांची नजर थांबली. मला वाटलं, आता बोलतील. पण खरं लिहिलं तर विमाच मिळणार नाही, ही भीती त्यांच्या मनात बसली होती. त्यांनी गुपचूप पेनाचं टोपण काढलं. खरं सांगतो, मला त्यांचा फार राग आला.

"थांबा हो, मला बघू द्या," म्हणत कुसुमने मला त्यांच्या नाकावरून काढून घेतलं. तिने सावकाश सगळं वाचलं.

"मुकुल, मला सहा वर्षं साखर आहे. 'आराम' मी तुला सांगितलं. कंपनीला नाही सांगितलं."

मुकुल ओशाळला. "पण अक्का, हे लिहिलं तर साखरेमुळे होणाऱ्या आजारांचा खर्च मिळणार नाही बघा. कदाचित विमाच नाकारतील."

"नाकारू देत. खोटं लिहून वर्षानुवर्षं हप्ते भरायचे आणि ऐन वेळी हात हलवत परत यायचं, त्यापेक्षा बरं."

मुकुलने दुसरा फॉर्म काढला. महिन्याभराने विमा मिळाला, पण साखरेचे आजार वगळून. नागोजींचं तोंड उतरलं. कुसुम म्हणाली, "काय मिळणार नाही, ते तरी कळलं की."

२००६ साली ती ओल्या फरशीवर घसरली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया ठरली. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'साखर, नऊ वर्षांपासून'. विमा कंपनीच्या माणसाने तो कागद आणि जुना फॉर्म शेजारी शेजारी ठेवून पाहिला. दोन्हींत एकच गोष्ट होती. हाड मोडणं काही साखरेमुळे नव्हतं, म्हणून त्याने खर्च मंजूर केला.

मंजुरीचं पत्र नागोजींनी माझ्यातूनच वाचलं. वाचता वाचता माझ्या काचा आतून ओल्या झाल्या. कॉटवर पडलेल्या कुसुमला ते हळूच म्हणाले, "त्या दिवशी मी वाचलं होतं, कुसुम. वाचूनसुद्धा सही करणार होतो."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "म्हणून तर चष्मा काढून घेतला."

मित्रांनो, आता दोघांना वेगवेगळे नवे चष्मे आले आहेत आणि मी कपाटाच्या खणात पडून असतो. वाईट वाटतं. कुणी कधी काढून पुसलं तर बरं वाटेल. पण तुमच्याकडे माझं मागणं वेगळं आहे. बारीक अक्षर मोठं करून दाखवणं, एवढंच आम्हां चष्म्यांना जमतं. त्या दिवशी नागोजींना सगळं स्पष्ट दिसत होतं. दिसलेलं बोलायचं काम तेवढं तुम्ही करा.