तीन सिलिंडरच्या गाडीतला चौथा प्लग

मित्रांनो, मी विकला गेलो त्या दिवशी कल्याणशेठचा फायदा एवढाच होता की, जिथं तीन नग खपायचे तिथं चार खपले. एका नगावरची कमाई म्हणजे दोन चहा आणि वर एक खारी. तेवढ्यासाठी शेठ एक मिनिट गप्प बसले. माझं सगळं आयुष्य त्या एका मिनिटातून निघालं आहे.

मी एक जुना स्पार्क प्लग आहे. जुना तो वयानं. कामाचं विचाराल तर मी जेमतेम एका सकाळचा आहे. अंगाला लोखंडी आटे, वर पांढरी चिनी माती आणि खालच्या टोकाशी वाकवलेली एक छोटी पट्टी, असा माझा बांधा. मधल्या टोकात आणि त्या पट्टीत बारीक फट असते. ठिणगी त्या फटीतून उडी मारते, तेव्हा इंजिनातलं पेट्रोल पेटतं. फट वाढली तर ठिणगी पोचत नाही, मिटली तर पडतच नाही. आमची सगळी किंमत त्या रिकाम्या जागेत.

जुन्या जालन्यात कल्याणशेठचं गाड्यांच्या सामानाचं दुकान होतं. धावडा गावचे भागवतराव एक जुनी लाल गाडी घेऊन शहरात आले होते. समोरच्या गॅरेजच्या मुनीर मिस्त्रींनी त्यांना जुना प्लग नमुन्याला देऊन दुकानात पिटाळलं होतं. शेठनं आधी भारीचा माल काढला. भागवतरावांनी त्याच्या शेजारी नमुना उभा केला.

"याचे आटे लांब हाईत शेठ. हा आत जाऊन ठोकंल. मला शिकवू नका."

मग त्यांनी नंबर अक्षरन् अक्षर जुळवून आम्हाला निवडलं. हुशार माणूस! पण शेठनं विचारलं, "किती देऊ?" आणि तिथं गाडी अडली. मिस्त्रींना विचारायचं राहून गेलं होतं, आणि शेठला विचारणं म्हणजे हार. भागवतरावांनी दारातून गाडीकडं पाहिलं.

"चार."

गाडी कोणती ते शेठला दारातूनच दिसत होतं. त्यांनी चार डब्या मांडल्या.

मुनीर मिस्त्रींनी त्या उघडल्या आणि हातातला पाना खाली ठेवला. "भागवतराव, चौथा कुठं लावू? तुमच्या खिशाला?"

"म्हणजे?"

"सिलिंडर तीन हैत ना गाडीला."

"चाकं तर चार हाईत!"

भागवतरावांची मुलगी शालू सोबत होती, बारावीतली. ती तोंडाला ओढणी लावून हसली. डबी उघडलेली, म्हणजे माल परत होणार नव्हता. मिस्त्रींनी पातळ पोलादी पट्ट्यांचा गेज काढला, तिघांच्या फटी मापल्या आणि मलाही उचललं.

"चाचा, हा तर लावायचाच न्हाई. मंग याची फट कशाला?"

"बेटा, बसायचं तर तयार बसायचं. घे, तूच कर. गेजची पट्टी घासत गेली पाहिजे. अडकली नको, ढिली नको."

शालूनं माझी फट लावली. मिस्त्रींनी गेज फिरवून पाहिला आणि म्हणाले, "बराबर." मित्रांनो, पुढं चार वर्षं मी त्या एका शब्दावर काढली.

माझे तिघे भाऊ इंजिनात गेले. मी डॅशबोर्डच्या कप्प्यात गेलो. तिथं पंक्चरच्या पावत्या, दात पडलेला कंगवा आणि दसऱ्याचं वाळकं लिंबू होतं. आठवडाभरात शालूची आई दैवशालाबाई माझी पुठ्ठ्याची डबी सुया ठेवायला घेऊन गेल्या. "लोखंडाला काय थंडी वाजती का?" म्हणाल्या. थंडी नाही वाजत बाई, पण धक्के बसतात. प्रत्येक गतिरोधकाला मी लिंबावर आणि लिंबू माझ्यावर. गाडी सुरू झाली की भावांची घरघर ऐकू यायची. त्यांना माझी आठवण होती की नाही, मला माहीत नाही. कप्पा उघडला की वाटायचं, आता आपली पाळी. हात यायचा, कंगवा न्यायचा.

एका उन्हाळ्यात भोकरदनच्या अलीकडं गाडी मोठ्या खड्ड्यात आदळली. मी कप्प्याच्या पत्र्यावर तोंडावर पडलो आणि माझी पट्टी मिटली. कुणाला कळलं नाही. भागवतराव मात्र पाहुण्यांना सांगत राहिले, "जादाचा प्लग हाय आपल्याकडं, तयार."

चौथ्या वर्षी शालूची पोलीस भरतीची मैदानी परीक्षा आली. जालन्याला, सकाळी आठ वाजता. आठला फाटक बंद, मग कुणाचा बाप आला तरी उघडायचं नाही. वयाच्या अटीची भीती नव्हती, पण घरात ठरलं होतं की, यंदा झालं तर झालं, नाहीतर लग्नाचं बघायचं. बापलेक पहाटेच निघाले. राजूर मागं टाकलं आणि गाडी आचके द्यायला लागली.

"अण्णा, एक सिलिंडर गेला."

"तुला काय कळतंय?"

"आवाज ऐका की!"

शालूनं मिस्त्रींसारखं फडकं धरून एकेक वायर काढून पाहिली. मधली काढली तरी इंजिनाच्या आवाजात फरक पडला नाही. म्हणजे तोच प्लग मेला होता. भागवतरावांची छाती फुगली. "चौथा हाय की! लोक हासले मला. आता हासा म्हणावं!"

कप्पा उघडला. या वेळी हात माझ्यासाठी आला. मला आत बसवलं, चावी फिरवली आणि गाडी तशीच लंगडली.

मित्रांनो, चार वर्षं वाट पाहून मी नापास झालो होतो.

"हाबी गेलेला!" भागवतरावांनी मला काढलं आणि शेताकडं फेकायला हात वर केला.

"थांबा! दाखवा इकडं. अण्णा, याची फट मिटलीय."

"मंग? मुनीरभाईचा गेज आणू का उडत जाऊन?"

सात वाजून गेले होते. शालूनं शेजारचा चालू प्लग काढला. तिनं फाइलमधून आपलं प्लॅस्टिकचं आधार कार्ड घेतलं आणि त्याचा कोपरा त्या प्लगच्या फटीत घातला. कोपरा घासत गेला. ना अडकला, ना ढिला.

"अगं, ते कार्ड फाटकावर दाखवायचंय! घासलं तर?"

"कोपरा घासंल, माझं तोंड न्हाई."

तिनं स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं माझी पट्टी उचलली, मध्ये कार्ड धरलं आणि मला मैलाच्या दगडावर हळूच ठोकलं. एकदा, दोनदा. कोपरा घासत बाहेर आला. "बराबर," ती स्वतःशीच म्हणाली.

आणि मी पेटलो.

 एवढंच सांगतो की, आत गेल्यावर भाऊ भेटतील असं वाटलं होतं, ते भेटले नाहीत. इंजिनात ज्याची त्याची खोली वेगळी. प्रत्येकजण आपापल्या अंधारात पेटतो आणि विझतो. ते तिघेही चार वर्षं एकटेच होते, हे मला त्या रस्त्यावर कळलं. फाटक ओढायला घेतलं होतं तेव्हा शालू गाडीतून उतरून पळाली. तिची परीक्षा तिथूनच सुरू झाली म्हणा.

दुपारी गाडी मुनीर मिस्त्रींच्या दारात होती.

"पळाले चाचा! आमच्या गटात दुसरी."

मिस्त्रींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग मला काढून उजेडात धरलं. "याला चीर गेली है. आज चालला, उद्याचा भरोसा न्हाई. अन् बाकीच्यांचं वय झालं. सगळे बदला."

भागवतराव कल्याणशेठकडून परत आले ते खुशीत. "मोजून तीन! शेठ म्हणला, चार देऊ का. म्हणलं, सिलिंडर तीन हाईत."

 शालू रस्ता ओलांडून गेली आणि आणखी एक डबी घेऊन आली.

"आता हा कशाला?"

"कप्प्यात राहील. डबीसकट. आईनं खायला पैसे दिल्ते, त्यातून आणला."

तिनं गेज मागून घेतला, त्याची फट लावली, त्याला डबीत घातलं आणि डबीवर जुना पायमोजा चढवला. मला मिस्त्रींनी दाराजवळच्या भंगाराच्या डब्यात टाकलं. मागोमाग तिघे भाऊ आले, वाटेत मेलेलाही. चार वर्षांनी आम्ही चौघे पुन्हा एकत्र आलो. ते जळून तपकिरी झालेले, मी जवळजवळ कोरा. त्यांनी मला ओळखलं नाही. शालूचं नाव यादीत लागलं की नाही, हेही इथं कुणी सांगत नाही.

मित्रांनो, माहीत नसेल तर विचारा, विचारायला पैसे पडत नाहीत. आणि अडीनडीला म्हणून जी वस्तू ठेवाल, तिची डबी काढून घेऊ नका. अधूनमधून तिला हातात घेऊन बघा. बसून राहणाऱ्यालाही मार लागतो.

आता हिशेब. पहिल्या चौथ्याचे पैसे भागवतरावांनी भरले, चाकं मोजून. दुसऱ्या चौथ्याचे शालूनं भरले, उपाशीपोटी धावड्याला जाऊन. कल्याणशेठनं दोन्ही वेळा घेतले. आणि एका सकाळची किंमत म्हणून कप्प्यातली चार वर्षं मी भरली.