पोकळ लिंब

“सिस्टर, मागं सरका! फांदी कुनीकडं बी येईल,” देविदास वरून ओरडला, आणि सिंधुबाई ओसरीच्या पायरीवर चढल्या.

तो घराच्या छतापेक्षाही उंच होता. पाय अनवाणी, डोक्याला उपरणं, कमरेला जाड दोराचा सोल. त्या सोलाचं दुसरं टोक, तो ज्या फांदीवर उभा होता तिलाच त्यानं बांधलं होतं. कुऱ्हाडीचा घाव बसला की कडुलिंबाच्या बुंध्यातून आवाज खाली यायचा, रिकाम्या रांजणावर थाप मारल्यासारखा. सिंधुबाईंनी तो ऐकला.

नायगावच्या परिसरात नर्स म्हणून सिंधुबाईंचा सारा जन्म गेला होता. एकदा एका गावात पिशवीतून इंजेक्शनं घेऊन फिरणाऱ्या माणसाला त्यांनी भर पारावर अडवलं होतं. “कुठं शिकलास? नोंदणी दाखव,” एवढंच विचारलं, आणि तो माणूस पुन्हा त्या गावात दिसला नाही. रिटायर झाल्यावरही लोक ती गोष्ट सांगत.

मागच्या वादळी वावधानात या लिंबाची एक फांदी शेजारच्या अण्णारावांच्या पत्र्यावर पडली, तेव्हा लातूरला राहणाऱ्या भाचीनं, तनुजानं, तिथल्याच विरूपाक्षचा नंबर दिला. झाडांची निगा राखायचं रीतसर शिक्षण घेऊन तो परीक्षा पास झालेला होता. फोनवर त्यानं आधी एकच विचारलं, “बुडाशी अळंबी उगवलीय का?”

सिंधुबाईंनी वाकून पाहिलं. बुंध्याला तपकिरी, टणक अळंब्या चिकटल्या होत्या, एकावर एक बशा रचाव्यात तशा.

“मग मी तपासल्याशिवाय कुणाला वर चढू देऊ नका. झाड आतून कुजलेलं असू शकतं. सोमवारी येतो. दुसरा कुणी बोलावलाच, तर त्याचं सर्टिफिकेट बघा, विमा बघा. नसेल तर परत पाठवा.”

पण शनिवारी सकाळी अण्णाराव देविदासला घेऊनच दारात उभे राहिले.

“माझी नात तिथंच खेळती, सिस्टर. पुन्हा वारं सुटलं तर सोमवार कुनी बघितला?”

“ते लातूरचे म्हणाले, आधी तपासायला पायजे...”

“झाड तोडायला काय डिग्री लागती? हा लहानपनापासून झाडं उतरवून राहिला. इचारा कुनालाबी.”

देविदास खांद्यावर कुऱ्हाड घेऊन हसत होता. सिंधुबाईंच्या ओठावर प्रश्न आला होता. पण कष्टकरी माणसाला चारचौघांत कागद मागायचा, हे त्यांना कसंनुसं वाटलं. अळंबीचं सांगावं, तर अण्णाराव हसले असते.

“जपून रे बाबा,” त्या म्हणाल्या.

आता वारा अगदी पडला होता. सकाळपासून कलकलाट करणाऱ्या साळुंक्या कधी उडून गेल्या, कळलंच नाही. देविदासनं कुऱ्हाड उगारली, आणि ओलं कापड फाटावं तसा आवाज झाला. घाव बसायच्या आतच फांदी बुंध्यापासून सुटली. सोलानं त्यालाही सोबत खाली नेलं.

“उचला त्याला! ऑटो बोलवा!” अण्णाराव धावले. जमलेल्यांपैकी दोघांनी त्याच्या काखेत हातही घातले.

“हात लावू नका!”

बाळंतपणाच्या खोलीत सिंधुबाई लावायच्या तो आवाज होता. माणसं जागच्या जागी थांबली. सिंधुबाई मातीत गुडघे टेकून बसल्या आणि त्यांनी देविदासचं डोकं दोन्ही तळव्यांत घट्ट धरलं.

“मान हलवू नको. माझ्याकडं बघ. अण्णाराव, एकशे आठला फोन लावा.”

“ऊन लागून राहिलं की त्याला!”

“सावली धरा. पण हलवायचं न्हाई.”

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्यांनी हात काढले नाहीत. अण्णारावांनी पडलेल्या फांदीच्या तुटलेल्या बुडात बोट घातलं. आतलं लाकूड तपकिरीच्या भुकटीसारखं भुरभुर गळालं.

नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हलवला नाही म्हणून जीव वाचला; पाठीचं आत्ताच सांगता येत नाही. देविदासची बायको पंचफुला भिंतीला टेकून ऐकत होती. डॉक्टर गेल्यावर तिनं विचारलं, “सिस्टर, झाड पोकळ हाय, तुमाला म्हाईत व्हतं?”

“कुजलेलं असंल, असं सांगितलं होतं मला.”

“मंग त्याला सांगितलं का?”

“न्हाई.”

पंचफुला रिकामी बाटली उचलून पाणी भरायला निघून गेली.

सोमवारी विरूपाक्ष आला. त्यानं पिशवी उघडायच्या आतच सिंधुबाईंनी सर्टिफिकेट मागितलं. त्याला राग आला नाही. “विचारायलाच पायजे,” म्हणत त्यानं ते पुढे केलं. अण्णारावांनी मान फिरवली. विरूपाक्षनं सगळ्यांना अंगणाबाहेर काढलं, हातोडीनं बुंधा ठोकत झाडाभोवती फिरला आणि कुणालाही झाडावर न चढवता, क्रेनच्या पाळण्यातून लिंब तुकड्या-तुकड्यानं खाली घेतला.

संध्याकाळी सिंधुबाई डबा घेऊन नांदेडला गेल्या. देविदास जागा होता.

“सिस्टर, डाक्टर तळव्याला नखानं दाबून बघत्यात. तुमी बघा ना एकडाव. तुमचा हात चांगला हाय.”

त्यांनी त्याच्या पायांवरचं पांघरूण बाजूला केलं. झाडांच्या साली घासून घासून तळवे घट्ट झाले होते. त्यांनी एका तळव्यावर अंगठा टेकवला.

देविदासनं दात आवळले, डोळे मिटून घेतले. थोडा वेळ तसाच थांबला.

“दाबा की, सिस्टर.”

सिंधुबाईंच्या अंगठ्याचं नख दाबून दाबून केव्हाच पांढरं पडलं होतं.