सोनलची बारी

मी एक जुनी हलगी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, मी रागात आहे. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की डोळ्यांत पाणी आणतात आणि शेवटी हात जोडतात. माझ्याकडून तसलं काही मिळणार नाही. ऐकायचं तर ऐका.

माझा जन्म सुप्याचा. तिथल्या कारागिराने लोखंडाचं कडं वाकवलं, त्यावर बोकडाचं ओलं कातडं ताणलं आणि मला उन्हात वाळत टाकलं. माझी एक रीत आहे. वाजवण्याआधी मला जाळावर शेकावं लागतं. आमच्या इंदापूर भागात उसाच्या पाचटाला काय तोटा! पाचट पेटवायचं, त्यावर मला फिरवायचं, कातडं कडक झालं की मग माझा आवाज शिवेपर्यंत जातो. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी, सोबतीला ढोल आणि झांज.

सुप्याहून मी कळंबला आले, पुढे ज्यांचं नाव सारखं येणार आहे त्या ताईबाईंच्या सासऱ्यांच्या घरी. त्यांच्यासारखा वाजवणारा पंचक्रोशीत नव्हता. पण त्या माणसाने मला कधी स्वतःच्या हौसेने वाजवलं असेल तर शपथ! लग्न असो, मयत असो, दवंडी असो, वाजव म्हटलं की वाजवायचं आणि पुरे म्हटलं की थांबायचं. वाजवणारा उन्हात, ऐकणारे सावलीत. वा वा करायचे आणि भाकरी वरून टाकायचे, हाताला हात लागू नये म्हणून. असलं कौतुक चुलीत घाला.

पुढे त्या घराने बौद्ध धम्म घेतला आणि सासऱ्यांनी मला खुंटीला टांगलं ते कायमचं. त्यांच्या मुलाने, म्हणजे ताईबाईंचे मालक गंगारामतात्या यांनी, मला उभ्या जन्मात हात लावला नाही. माझ्यावर धूळ बसली, उंदरांनी कातडं कुरतडलं. वाईट वाटलं का, म्हणाल तर मुळीच नाही. त्यांनी केलं ते बरंच केलं.

मला खाली उतरवलं ते ताईबाईंच्या नातीने, तेजश्रीने. ती बारामतीला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला आहे आणि रविवारी गावी येते. तिने मला सुप्याला नेऊन नवं कातडं चढवलं आणि गावातल्या पोरांना अंगणात गोळा केलं. ताईबाई अशा भडकल्या की विचारू नका. आम्ही जे टाकलं ते तू उचलून आणलंस, म्हणून त्यांनी नातीशी बोलणं सोडलं. तेजश्रीने त्यांना शब्द दिला की ही हलगी कुणाच्या हुकमाने वाजणार नाही. तरी वर्ग सुरू झाला की ताईबाई पाठ फिरवून शेंगा फोडत बसायच्या.

आता त्या वर्गाचं ऐका. तेजश्री पोरांना पाठ केलेलं काही वाजवू देत नसे. मोबाईलवर बघून केलेली नक्कल तर नाहीच नाही. सगळ्यांनी गोल बसायचं. एकाने साधा ठेका धरायचा, बाकीच्यांनी तो कान देऊन ऐकायचा आणि मगच आपला हात त्यात घालायचा. मग एकेकाची बारी यायची. ज्याची बारी, त्याने मनात येईल ते तिथल्या तिथे वाजवायचं. तेवढा वेळ बाकीच्यांनी हात हलका करायचा, म्हणजे त्याला जागा मिळते. आणि बारी संपली हे त्याने स्वतःच मान हलवून सांगायचं. मधून हिसकायची नाही.

ऐकायला सोपं वाटतं, पण पोरं काय ऐकतात होय! तेजश्रीचा भाचा संघपाल ढोलावर असा तुटून पडायचा की दुसऱ्या कुणाचं काही कानावरच येत नसे. तेजश्रीने त्याचा ढोल काढून घेतला आणि दिवसभर त्याला नुसतं ऐकायला बसवलं. पोरगं फुगून लाल झालं. पण त्यानंतर त्याचा हात असा हलका झाला की मीच चकित झाले.

मी मात्र होते सोनलच्या हातात. भाजीपाल्याचे मोठे बागायतदार मोहनराव, त्यांची ही नात. पोरं ज्यात वाजवणार होती त्या गावच्या बालमेळाव्याच्या समितीचे मोहनराव अध्यक्ष, गावात त्यांचा शब्द खाली पडत नाही. पोरगी अशी लाजरी, की बारी आली की दोनदा टिपरू मारायची आणि घाईघाईने मान हलवून मोकळी व्हायची. तेजश्री तिला कधी रागावली नाही. एका रविवारी सोनलने एक टिपरू मारलं आणि थांबली. सगळे थांबले. मग तिने काडीने असा काही फिरवून ठेका टाकला, की संघपालाने ढोलावरून आपसूक जवाब दिला. तिने पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा सांगितलं. ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ताईबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली.

मेळावा जवळ आला तसे मोहनराव अंगणाच्या कडेला येऊन उभे राहिले. आत आले नाहीत.

"हलगी त्या संघपालाला द्या," ते म्हणाले. "त्यांच्या घरातली हाय ती. आमच्या सोनलला झांज द्या. चार लोकांत बरं दिसत न्हाय."

"आबा, हलगी सोनलच वाजवते," तेजश्री म्हणाली.

"मंग कार्यक्रम व्हनार न्हाय."

माझ्या कातड्याला जात कुठून आली हो? बोकडाला विचारून आलात काय? मी संतापले, पण मला तोंड कुठे आहे! आणि आमच्या तेजश्रीने काय करावं? पोरांची संधी जाईल म्हणून मान खाली घातली. मोहनरावांइतकाच राग मला तिचाही आला. सोनलने मुकाट्याने झांज घेतली.

मेळाव्याला सगळा गाव मांडवात होता. मी संघपालाच्या हातात. ठेका सुरू झाला, एकेकाची बारी झाली. संघपालाची आली तेव्हा त्याने मला वाजवलंच नाही. उठला, सोनलसमोर गेला, मला तिच्या मांडीवर ठेवलं आणि तिची झांज घेऊन खाली बसला. पोरांनी एकदम हात हलका केला. सोनलने टिपरू उचललं. काय वाजवत होती ती! आजवर माझ्यातून तसं कधीच काही निघालं नव्हतं.

अन् मोहनराव स्टेजवर चढले. भर बारीत त्यांनी तिच्या हातातून मला ओढलं आणि बाजूला टाकलं. माझं कडं फरशीवर आपटलं. मांडवात कुणी हललं नाही. समितीवाले नाहीत, शाळेचे गुरुजी नाहीत, तेजश्रीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईबाईंनी मला घरच्या कोपऱ्यातून उचललं. त्यांनी मला हात लावला तो पहिल्यांदाच. तडक मोहनरावांच्या घरी गेल्या आणि ओसरीवर चढल्या. मोहनराव चहा घेत होते.

"वाजवायला आले न्हाय," ताईबाई म्हणाल्या. "माझ्या सासऱ्यानं ह्याच अंगनात तुमच्या बापाच्या हुकमानं वाजवली, आन् हुकमानंच थांबवली. तुमची नात सवताच्या मनानं वाजवत हुती. तिची बारी अर्धी ऱ्हायलीय. ती पुरी हुईस्तवर मी हितनं हालनार न्हाय."

आणि त्या खाली बसल्या. मोहनराव काहीबाही बोलले, आवाज चढवला, शेजारीपाजारी गोळा झाले. ताईबाई ढिम्म. शेवटी आतून सोनल आली. मोहनराव म्हणाले, आत जा. ती गेली नाही. ताईबाईंच्या शेजारी बसली, मला मांडीवर घेतलं आणि जिथे तोडली होती तिथून बारी उचलली. माझं कातडं सैल होतं, आवाज बसका निघत होता, तरी तिने सोडलं नाही. मनासारखं झालं तेव्हा तिने स्वतः मान हलवली. मोहनराव तोवर आत निघून गेले होते. त्यांना पटलं बिटलं असं काही समजू नका.

मित्रांनो, वाद्यं जपा, पुसून ठेवा, असं तुम्हाला पुष्कळ जण सांगतील. मला नुसतं जपू नका. जपून ठेवायला खुंटी पुरते. मला वाजवणाऱ्याला जपा. त्या मांडवात एक माणूस पोरीच्या हातातून मला हिसकत होता आणि अख्खा गाव बसून बघत होता. माझा खरा राग त्या बसलेल्यांवर आहे. तुमच्यासमोर असं घडेल, तेव्हा तुम्ही उठा.